घटक ४ : नाशिकचा वाडा – लाकडी सांगाड्याची वास्तू आणि तिची भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,
• वाडा या वास्तुप्रकाराची रचना व त्यामागील सामाजिक व्यवस्था सांगता येईल.
• वाड्याच्या लाकडी सांगाड्यातील घटकांची नावे व त्यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
• मराठी वाडा आणि इंग्लंडमधील लाकडी चौकटीचे घर यांतील साम्य व भेद दाखविता येतील.
• वास्तूशी निगडित शब्द, म्हणी व वाक्प्रचार यांचा मूळ संदर्भ उलगडून सांगता येईल.
• जुने वाडे का ढासळतात व त्यांच्या जतनाचा प्रश्न कोणता आहे, याची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण वस्त्र, अन्न आणि सण या अंगांनी मराठी लोकजीवनाचा विचार केला. प्रस्तुत घटकात आपण घराचा विचार करणार आहोत. घर हे माणसाचे सर्वांत मोठे साधन असते. माणूस घर बांधतो आणि पुढे ते घर त्याच्या वागण्याला, नात्यांना व बोलण्याला वळण लावते. म्हणूनच भाषेच्या व साहित्याच्या विद्यार्थ्याला वास्तूचा अभ्यास परका मानून चालणार नाही. ‘माजघर’, ‘ओसरी’, ‘देवडी’, ‘आढे’, ‘वळचण’ हे शब्द आपण जुन्या कादंबऱ्यांत व आत्मचरित्रांत वाचतो. त्यांमागची जागा डोळ्यांपुढे उभी राहिली नाही, तर वाक्य समजते पण प्रसंग समजत नाही.

या अभ्यासासाठी आपण नाशिकचा वाडा हे उदाहरण घेणार आहोत. रविवार कारंजापासून भद्रकालीकडे, तेथून तिवंधा, घनकर गल्ली, डिंगरअळी, तांबट आळी या भागांत आपण गेला असाल, तर दुकानांच्या पाट्यांवर लाकडी सज्जे आणि कोरीव खांब आपणांस दिसले असतील. पावसाळ्यात त्यांपैकी एखादा वाडा कोसळल्याची बातमीही आपण वाचली असेल. या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे तो वाडा इतकी वर्षे उभा कसा राहिला आणि आता का पडला याचा, संबंध एकाच रचनेशी आहे. ती रचना आपण क्रमाने समजून घेऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ वाडा : काळ आणि प्रदेश

‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा या शब्दापासून आला आहे. चारी बाजूंनी बंदिस्त आणि मध्ये आकाशाला मोकळी, ही वाड्याची मूळ कल्पना त्याच्या नावातच आहे. ‘गुरांचा वाडा’ या प्रयोगात हा मूळ अर्थ आजही टिकून आहे. पुढे सधन कुटुंबाच्या मोठ्या, चौकबंद घराला हा शब्द रूढ झाला.

मराठी सत्तेच्या विस्ताराबरोबर अठराव्या शतकात वाड्यांच्या बांधणीला बहर आला. पुण्याच्या शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले व १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. नाशिक हे तीर्थक्षेत्र असल्यामुळे पेशवे कुटुंबाचा या शहराशी निकटचा संबंध होता. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी आयुष्याचा उत्तरकाळ नाशिकजवळ गंगापूर येथे काढला. रघुनाथराव व आनंदीबाई यांचे वास्तव्य आनंदवल्लीस होते. सरदार, सावकार, वैदिक, तीर्थोपाध्याय व व्यापारी यांची वस्ती गोदावरीच्या उजव्या तीरावरील टेकड्यांवर वाढत गेली आणि तिथे वाडे उभे राहिले.

या काळाची साक्ष देणारी नाशिकमधील महत्त्वाची इमारत म्हणजे सराफ बाजारालगतचा सरकारवाडा. काळ्या पाषाणाचे भक्कम काम आणि आतील लाकडी खांब यांचा मेळ तेथे पाहावयास मिळतो. आज ही वास्तू संरक्षित स्मारक असून राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. नाशिक जिल्ह्यातीलच चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल कोरीव लाकूडकाम व भित्तिचित्रे यांसाठी प्रसिद्ध आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी ही वास्तू जोडलेली आहे.

मात्र आपल्या अभ्यासाचा विषय केवळ सरदारांचे वाडे नव्हेत. नाशिकच्या गल्ल्यांतील बहुसंख्य वाडे मध्यम आकाराचे, एक किंवा दोन चौकांचे आहेत. रचनेचे तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे.

४.२.२ दिंडीपासून परसापर्यंत : जागांची व्यवस्था

वाड्यात प्रवेश मोठ्या दरवाजाने होतो. हा दरवाजा सहसा पूर्ण उघडीत नसत. त्याच्या एका फळीत वाकून जाण्याजोगा लहान दरवाजा असे, त्यास दिंडी दरवाजा म्हणतात. आत येणाऱ्यास एकेकट्याने, मान लववून यावे लागे. त्यामुळे संरक्षणही होई. दरवाजाच्या आत दोन्ही अंगांस पहारेकऱ्यांची जागा असे, ती देवडी.

देवडी ओलांडली की चौक लागतो. चौक हा वाड्याचा श्वास होय. बाहेरच्या भिंतीला खिडक्या थोड्या व लहान असल्याने उजेड आणि वारा या दोन्ही गोष्टी चौकातूनच आत येतात. चौकाभोवती जोत्यावर ओसरी किंवा सोपा असतो. पहिल्या चौकाभोवती कचेरी, दिवाणखाना, पाहुण्यांची बैठक अशी पुरुषांच्या व्यवहाराची दालने असत. त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि बाळंतिणीची खोली. मागील चौकात तुळशीवृंदावन व आड आणि शेवटी परसदार.

ही मांडणी निव्वळ सोयीची नव्हती, हे अभ्यासकाने ध्यानात घ्यावयास हवे. कोणी कोठपर्यंत यावयाचे, हे या घरात ठरलेले होते. काहींची पायरी देवडीपाशी संपे, काहींची ओसरीवर. काहींना मागील दारानेच यावे लागे आणि काहींना उंबरठ्याबाहेर अंगणातच थांबावे लागे. घरातील स्त्रियांचा दिवस माजघर ते परस एवढ्यातच सरे आणि बाहेरच्या चौकात काय चालले आहे हे त्यांना आवाजावरून कळे. ज्या नाशिकमध्ये हे वाडे उभे आहेत, त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. उंबरठा हा किती मोठा सामाजिक प्रश्न होता, हे त्यावरून उमगते. वाड्याच्या देखणेपणाचे वर्णन करताना ही बाजू वगळल्यास आपला अभ्यास एकांगी होईल.

४.२.३ लाकडी सांगाडा : भार कसा उतरतो

आता आपण वाड्याच्या मुख्य रचनेकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्यास वाडा दगडविटांचा वाटतो. परंतु त्याचे मजले व छप्पर मुख्यतः तोलून धरतो तो लाकडी सांगाडा. शरीराचा भार हाडे वाहतात आणि कातडी केवळ आच्छादन करते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. हा भार वरून खाली कसा येतो ते पाहू.

छपराच्या माथ्यावरील आडवे लाकूड म्हणजे आढे. आढ्यापासून दोन्ही उतारांवर वासे टाकलेले असतात. वाशांवर रिपा व रिपांवर कौले. छपराचा कडेचा, भिंतीबाहेर आलेला भाग म्हणजे वळचण. पावसाचे पाणी आढ्यापासून वळचणीकडे वाहते व पागोळ्यांच्या रूपाने खाली पडते. छपराचे ओझे वाशांकडून तुळयांवर आणि तुळयांकडून खांबांवर येते.

मजल्याची रचनाही अशीच आहे. खांबांवर जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या किंवा पाट. यास कडीपाट म्हणतात. पाटांवर माती व मुरूम यांचा थर देऊन जमीन केली जाते. दिवाणखान्यासारख्या मानाच्या जागी कड्या दिसू नयेत म्हणून खालून फळ्यांचे छत जडवीत, त्यास तक्तपोशी हे नाव आहे.

खांब आणि तुळई यांच्या भेटीची जागा सर्वांत नाजूक असते. तेथे खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंस हात पसरल्यासारखे लाकूड बसवितात. त्यास हस्त म्हणतात. हस्तामुळे दोन गोष्टी साधतात. एक, तुळईला आधार मिळण्याची जागा रुंदावते, त्यामुळे आधाराविना राहणारे तिचे अंतर कमी होते आणि ती मध्ये वाकत नाही. दोन, खांब आणि तुळई यांचा कोन काहीसा ताठ राहतो. आपण हस्ताकडे कोरीवकामासाठी पाहतो, परंतु त्याचे पहिले काम भार वाहण्याचे आहे.

खांबाचा पाय जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो. लाकूड मातीत गाडले की ओल शोषते आणि वाळवीला वाट मिळते. मध्ये काळा पाषाण आला की दोन्हींना अटकाव होतो. जोते उंच ठेवण्यामागेही हाच हेतू आहे. गोदावरीचे पुराचे पाणी सराफ बाजारापर्यंत येणाऱ्या या शहरात तर उंच जोत्याचे महत्त्व अधिकच.

लाकडे एकमेकांस जोडताना एका लाकडाच्या टोकास कुसू काढून ते दुसऱ्याच्या खाचेत बसवीत आणि लाकडी पाचर ठोकून सांधा घट्ट करीत. लोखंडाचा वापर कड्या, कोयंडे, खिळे व पट्ट्या एवढ्यापुरता असे. असा सांधा किंचित हालचाल सोसतो. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. ही घडामोड सांध्यात सामावली जाते.

दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणतात. घराचे माप फुटांत न सांगता खणांत सांगण्याची रीत होती : ‘पाच खणांचे घर’, ‘सात खणी वाडा’. खणांची संख्या विषम ठेवण्याचा प्रघात होता. त्यामागे शुभाशुभाची कल्पना सांगितली जाते. परंतु रचनेच्या दृष्टीनेही त्यात अर्थ आहे. खण सम असतील तर बरोबर मध्यभागी खांब येतो व तो वाट अडवितो. खण विषम असतील तर मधला खण मोकळा राहतो आणि दार, वाट व दृष्टी एका रेषेत येतात.

लाकूड मुख्यतः सागवान. नाशिकच्या पश्चिमेस पेठ व सुरगाणा भागांतील जंगले आणि पलीकडील डांग ही सागासाठी प्रसिद्ध. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असल्याने तो वाळवी व ओल यांना दाद देत नाही. मात्र हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतचे कोवळे लाकूड लवकर किडते. जुने सुतार ते तासून टाकीत, याचे कारण हेच.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१) ‘वाडा’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
२) खांब तळखड्यावर का उभा करतात?
३) हस्ताची दोन कार्ये सांगा.
४) घराचे खण विषम ठेवल्याने काय साधते?

४.२.४ भिंती, गिलावा आणि छप्पर

सांगाडा लाकडी असला तरी वाड्याच्या बाहेरील भिंती जाड असतात. तळमजल्यास काळा दगड व वरील मजल्यास वीट अशी जोडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. सांधण्यासाठी माती किंवा चुना. चुना घाणीत मळून, मुरवून मग वापरीत. चुन्याचा व मातीचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. हा गुण लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो आणि भिंतीतच कोनाडे, देवळ्या, फडताळे व काही वेळा वर जाणारा अरुंद जिनाही सामावला जातो.

छपराचा प्रकार पावसाप्रमाणे बदलतो. नाशिक जिल्ह्यात हा बदल एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतो. पश्चिमेकडे, इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या बाजूस, पाऊस मुसळधार. तेथे तीव्र उताराची छपरे. पूर्वेकडे येवल्याच्या बाजूस पाऊस कमी. तेथे मातीचे सपाट धाबे. नाशिक शहर या दोहोंच्या मध्ये असून तेथे कौलारू उतरते छप्पर रूढ झाले.

४.२.५ तुलना : इंग्लंडमधील लाकडी चौकटीचे घर

लाकडी सांगाड्याची घरे जगात अनेक ठिकाणी आढळतात. इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची अशी घरे मध्ययुगापासून बांधली जात. चेशायर परगण्यातील लिटल मॉर्टन हॉल हे त्याचे विख्यात उदाहरण. त्याचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाले व पुढील पिढ्यांनी त्यात भर घातली. नाशिकच्या वाड्याशी या घराची तुलना केली असता तीन मुद्दे हाती लागतात.

पहिला मुद्दा सांगाड्याच्या दर्शनाचा. इंग्रजी घरात लाकडी चौकट बाहेरून उघडी दिसते. पांढऱ्या भिंतीवर काळ्या लाकडांची नक्षी हीच त्या घराची ओळख. आपल्या वाड्यात सांगाडा आतील बाजूस, चौकाकडे दिसतो. रस्त्याकडे तोंड करते ती भिंत. इंग्रजी घर आपले लाकूड वाटसरूला दाखविते, मराठी वाडा ते आत आलेल्यास दाखवितो.

दुसरा मुद्दा भरावाचा. इंग्रजी घरात चौकटींमधील मोकळी जागा काटक्यांचे जाळे विणून, त्यावर माती, शेण व गवत यांचा लगदा थापून भरीत. हे तंत्र आपणांस नवे नाही. आपल्याकडे कारवीच्या काठ्यांचा कूड करून शेणमातीने लिंपतात, तेच हे. म्हणजे इंग्रज जमीनदाराच्या हवेलीची भिंत आणि पेठ-सुरगाण्यातील आदिवासी घराची भिंत यांचे तत्त्व एक आहे. वाड्याने मात्र कूड सोडून दगडविटांची भिंत स्वीकारली.

तिसरा मुद्दा स्थैर्याचा व तो सर्वांत महत्त्वाचा आहे. इंग्रजी घराची चौकट आडवी हलू नये म्हणून तिच्यात तिरप्या लाकडांचे आधार दिलेले असतात. वाड्यात अशी तिरपी लाकडे सहसा नसतात. बाजूने येणारा जोर हस्त थोडाच सोसतात. उरलेले काम जाड भिंती करतात. वरून येणारा भार लाकडाने उचलावयाचा आणि बाजूचा तोल भिंतीने सांभाळावयाचा, अशी वाड्यातील श्रमविभागणी आहे. यातील एकास दुबळे केले तर दुसरे फार काळ तग धरीत नाही.

लिटल मॉर्टन हॉलचा आणखी एक धडा आहे. त्या घरावर मागाहून लांब दालनाचा एक मजला चढविला गेला व त्यावर दगडी पाट्यांचे जड छप्पर आले. त्या भाराने खालची चौकट वाकली. आज ते वाकडेपण पाहण्यास लोक जातात; परंतु मूळ सांगाड्यावर नव्या ओझ्याचा काय परिणाम होतो, याचे ते उघडे उदाहरण आहे. हाच प्रकार आपल्या वाड्यांत कसा घडतो, ते आपण ४.२.८ मध्ये पाहू.

४.२.६ कोरीवकाम

वाड्यातील कोरीवकाम सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ते दरवाजाची चौकट, चौकाकडील खांब, हस्त, सज्जा व गवाक्ष येथे एकवटते. खांब पुष्कळदा सुरूच्या झाडाप्रमाणे वर निमुळता होत गेलेला. दोन खांबांमध्ये महिरप. हस्ताच्या टोकास लोंबते केळफूल. याखेरीज कमळ, वेलपत्ती, पोपट, मोर हे विषय आढळतात. दरवाजाच्या वरच्या पट्टीवर गणपती असतो. सुरूचा खांब व महिरप यांत मोगल घडणीची छाया आहे, तर केळफूल व कमळ आपल्या परिसरातील. दोहोंचा मिलाफ येथील सुतारांनी केला. पुण्याच्या विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू या शैलीचा उत्तम नमुना मानली जाते. १८०७ मध्ये तो वाडा पूर्ण झाला.

वाड्याला नाव मालकाचे मिळाले. सुतार, पाथरवट, गवंडी, लोहार, कुंभार यांची नावे कोणत्याही दरवाजावर कोरलेली नसतात. त्यांची स्मृती राहिली ती त्यांनी घडविलेल्या शब्दांत.

४.२.७ वाड्याची भाषा

वाड्यातील शब्दांकडे व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहिले, तर दोन प्रवाह दिसतात. खांब, तुळई, चौक, माजघर, देवघर हे शब्द संस्कृत-प्राकृतातून आले : ‘तुला’वरून तुळई, ‘चतुष्क’वरून चौक, ‘मध्यगृह’वरून माजघर. दिवाणखाना, तक्तपोशी, दालन, महिरप, हौद हे शब्द फारसी-अरबीतून आले. त्यांची वाटणीही सूचक आहे. घर तोलून धरणारे लाकूड आणि घरातील खासगी जागा यांची नावे बव्हंशी देशी. बैठकीची, दरबारी व शोभेची नावे बव्हंशी फारसी. सत्तेची भाषा घराच्या पुढच्या चौकापर्यंत आली, माजघरात तिचा शिरकाव थोडाच झाला, असे म्हणता येईल.

वास्तूतून आलेले वाक्प्रचारही पाहा. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ या म्हणीत विपत्तीच्या वेळी आपलेही परके होतात, असा अर्थ आहे. वासे हे आढ्याच्या आधाराने असतात, आढे हलले की ते जागेवर राहत नाहीत, हे ठाऊक असलेल्यानेच ही म्हण घडविली. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ म्हणजे कृतघ्नपणा. जेवणारा मान वर करून यजमानाच्या संपत्तीचा अंदाज घेतो आहे, हे चित्र त्यामागे आहे. वाशांवरून घराची ऐपत कळे, हा संदर्भ गेला की म्हणीची धार जाते. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जाणे’ यात उलट्या क्रमाची कल्पना आहे. ‘अडसर’ म्हणजे दाराला आतून लावावयाचा लाकडी दांडा. आज आपण तो ‘अडथळा’ याच अर्थाने वापरतो. ‘पाचर मारणे’, ‘उंबरठे झिजविणे’, ‘चौकट मोडणे’, ‘पायरी ओळखून वागणे’ यांचीही अशीच फोड करता येईल.

साहित्यातही वाडा वारंवार येतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. विदर्भातील एका देशपांडे कुटुंबाची ती कथा आहे. चिरेबंदी म्हणजे घडीव दगडांची. घर दगडाचे, पण आतील नाती मात्र खचत चाललेली, हा विरोध शीर्षकातच आहे. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ ही नाटके लिहून त्यांनी ही त्रयी पूर्ण केली. या नाटकाचे वाचन करताना प्रस्तुत घटकातील जागांची नावे आपणांस उपयोगी पडतील.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१) वाडा व इंग्रजी लाकडी घर यांत बाजूचा तोल कशाने सांभाळला जातो?
२) ‘कूड’ म्हणजे काय?
३) ‘अडसर’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
४) ‘तक्तपोशी’ कशास म्हणतात?

४.२.८ वाडा का ढासळतो?

‘लाकूड जुने झाले म्हणून वाडा पडला’, असे सामान्यतः म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. कोरडा राहिलेला साग शतकानुशतके टिकतो. वाड्याचे शत्रू दोन : आग आणि पाणी. शनिवारवाड्याच्या लाकडी इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या व जोती, तट, दरवाजे एवढेच उरले. परंतु नाशिकच्या गल्ल्यांतील वाड्यांचा घात मुख्यतः पाण्याने होतो.

पूर्वी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी होत असे. फुटलेली कौले बदलीत, पन्हळी साफ करीत. शाकारणी थांबली की पाणी झिरपते. ते थेट तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी साचते. तुळईचा मधला, डोळ्यांना दिसणारा भाग सुस्थितीत आणि भिंतीतील टोक मात्र कुजलेले, अशी स्थिती येते. त्यात मूळ चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा थर दिला जातो. भिंत बाहेरून मजबूत दिसते. परंतु ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते व ती लाकडाकडे वळते. चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीच अपायकारक ठरते, ती अशी.

याला नव्या ओझ्याची जोड मिळते. एका कुटुंबाचा वाडा वाटण्यांनंतर अनेकांचा झाला. खोल्या भाड्याने गेल्या. प्रत्येक बिऱ्हाडास मोरी व शौचालय हवे, वर पाण्याची टाकी हवी. रस्त्यालगत दुकान हवे, म्हणून भिंतीचा तुकडा काढला जातो. तिरप्या आधारांविना उभ्या असलेल्या सांगाड्याची भिंत काढणे म्हणजे काय, हे आपण ४.२.५ मध्ये पाहिलेच आहे.

भिंत आणि सांगाडा यांच्या नात्याची कठोर परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात झाली. लातूर-धाराशिव भागातील घरांच्या जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुष्कळ ठिकाणी भिंतींचे ढिगारे झाले असतानाही लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्याचे पाहणीत आढळले. दोष लाकडी खणांचा नव्हता. दगड एकमेकांत न गुंतविता रचलेल्या भिंतींचा आणि धाब्यावरील मातीच्या वाढत्या थरांचा होता. म्हणून ‘जुने तेवढे टिकाऊ’ हे जसे खरे नाही, तसेच ‘जुने तेवढे धोक्याचे’ हेही खरे नाही. कोणता भाग कोणते काम करतो, हे पाहूनच निर्णय घ्यावयास हवा.

४.२.९ जतनाचा प्रश्न

दर पावसाळ्यापूर्वी नाशिक महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तरी पुष्कळ कुटुंबे तेथेच राहतात. बाहेरून पाहणाऱ्यास हा हट्ट वाटेल. परंतु त्यामागील पेच समजून घेतला पाहिजे. भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या भाडेकरूंचे भाडे अल्प राहिले. त्या उत्पन्नातून दुरुस्ती परवडत नाही, असे मालकाचे म्हणणे. एकदा बाहेर पडलो की पुन्हा जागा मिळणार नाही, अशी भाडेकरूची भीती. त्यातच मालकी अनेक वारसांत विभागलेली. एकाची सही मिळते, दुसऱ्याची नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्या जागी खरे असते आणि त्या अवधीत तुळईचे टोक कुजत राहते.

प्रत्येक वाडा स्मारक म्हणून जपता येणार नाही. माणसाच्या जिवापेक्षा वास्तू मोठी नाही, हे तत्त्व प्रथम मान्य केले पाहिजे. त्यानंतर तीन मार्ग उरतात. जे वाडे सुदृढ आहेत, त्यांची योग्य साहित्याने दुरुस्ती : कुजलेला भाग कापून तेवढेच नवे लाकूड जोडणे, चुन्याचा गिलावा, पन्हळींची निगा. जे वाडे सार्वजनिक महत्त्वाचे आहेत, त्यांचा सरकारवाड्याप्रमाणे नवा उपयोग. आणि जे वाचणार नाहीत, त्यांची निदान नोंद : मोजमाप, छायाचित्रे आणि तेथे राहिलेल्यांच्या तोंडून जागांची नावे. पाडलेल्या वाड्याचे खांब जुन्या लाकडाच्या बाजारात विकले जातात व एखाद्या उपाहारगृहात शोभेसाठी उभे राहतात. तेथे खांब उरतो. पण तो कोणत्या खणाचा होता, हे सांगणारे कोणी उरत नाही. ही नोंद करण्याचे काम भाषेचा विद्यार्थी करू शकतो.

४.३ सारांश

वाडा ही चौकाभोवती रचलेली, लाकडी सांगाड्यावर तोललेली वास्तू आहे. आढे, वासे, तुळया, हस्त, खांब व तळखडा या क्रमाने भार जमिनीकडे जातो; बाजूचा तोल जाड भिंती सांभाळतात. इंग्रजी लाकडी घरात हे काम तिरपी लाकडे करतात. वाड्याच्या मांडणीत त्या काळच्या समाजातील स्त्री-पुरुष भेद व जातिभेद उतरले आहेत. मराठीतील अनेक म्हणी व वाक्प्रचार या वास्तूतून आले. ओल, चुकीची दुरुस्ती, वाढीव ओझे व मालकीचा पेच यांमुळे वाडे ढासळत आहेत. त्यांबरोबर त्यांचे शब्दही नाहीसे होत आहेत.

४.४ पारिभाषिक शब्द

आढे : छपराच्या माथ्यावरील आडवे लाकूड.
कडीपाट : तुळयांवर कड्या व फळ्या टाकून केलेली मजल्याची रचना.
कुसू : दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसविण्यासाठी काढलेले टोक.
खण : दोन खांबांमधील वा तुळयांमधील अंतर, घराचे माप.
तळखडा : लाकडी खांबाखालील दगडी बैठक.
वळचण : छपराचा भिंतीबाहेर आलेला खालचा भाग.
शाकारणी : पावसाळ्यापूर्वी केली जाणारी छपराची दुरुस्ती.
हस्त : खांबाच्या माथ्यावरील, तुळईस आधार देणारे लाकूड.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १) कुंपण घातलेली, बंदिस्त जागा. २) लाकडाला जमिनीची ओल व वाळवी लागू नये म्हणून. ३) तुळईच्या आधाराची जागा रुंदावणे व खांब-तुळईचा कोन ताठ ठेवणे. ४) मधला खण मोकळा राहून दार व वाट एका रेषेत येतात.
प्रश्न – २ : १) वाड्यात मुख्यतः जाड भिंतींनी, इंग्रजी घरात तिरप्या लाकडांनी. २) कारवीच्या काठ्यांची, शेणमातीने लिंपलेली भिंत. ३) दार आतून बंद करण्याचा लाकडी दांडा. ४) कड्या झाकण्यासाठी खालून जडविलेल्या फळ्यांच्या छतास.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘वाड्यातील जागांची वाटणी ही समाजव्यवस्थेची वाटणी आहे.’ या विधानाची चर्चा करा.
२) वाड्यातील भाराचा प्रवास आढ्यापासून तळखड्यापर्यंत आकृतीसह स्पष्ट करा.
३) वास्तूशी संबंधित कोणतेही पाच वाक्प्रचार घेऊन त्यांचा मूळ संदर्भ लिहा.
४) टिपा लिहा : अ) खण ब) शाकारणी क) चौक.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील एखादे जुने लाकडी घर निवडा. मालक व रहिवासी यांची परवानगी घ्या. धोकादायक ठरविलेल्या इमारतीत प्रवेश करू नये. अशा वेळी तेथे पूर्वी राहिलेल्या व्यक्तीची मुलाखत घ्यावी. घराचे खण मोजा आणि ढोबळ नकाशा काढा. त्यानंतर घरातील वयस्क व्यक्तीस, शक्यतो आजीस, प्रत्येक जागेचे नाव विचारा व ते तिच्या उच्चाराप्रमाणेच लिहून घ्या. या घटकात न आलेला एक तरी शब्द आपणांस मिळेल. तो अर्थासह आपल्या वहीत नोंदवा आणि संपर्कसत्रात सर्वांना सांगा.